दोनशे बारा अंश

खोली रिकामी होती, म्हणजे खांबाशिवाय तिच्यात काही नव्हतं, आणि तरीही रेघ उठली. आत, बंद दाराआड, पांढरा खांब फिरत्या चौथऱ्यावर सावकाश गोल फिरत होता आणि बाहेर स्क्रीनवर हिरवी रेघ तळाशी सरपटत चालली होती, जशी चालायला हवी तशी, काही नसल्यासारखी. बत्तीस अंशांवर ती उचकी लागल्यागत जराशी हलली. आरतीनं मान पुढे केली. मग बराच वेळ काही नाही, आणि दोनशे बारावर रेघेनं सरळ डोकं वर काढलं, इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं आणि परत खाली बसली. आरतीला पहिल्यांदा वाटलं, आपले डोळे. मग वाटलं, केबल. मग, का कोण जाणे, वाटलं की घरी गॅस चालू राहिलाय. सुनील सर चहाचा कप घेऊन मागे उभे होते. पुन्हा फिरवा म्हणाले. पुन्हा फिरवलं. बत्तीस, दोनशे बारा. सरांनी कप टेबलावर ठेवला, तो नेमका तिच्या वहीवर, आणि वहीवर ओलं कडं उमटलं. ती त्या कड्याकडेच बघत राहिली. परवा पुण्याची मंडळी त्यांचं मॉडेल घेऊन येणार होती.

तिचं काम सांगायला सोपं आणि पटायला अवघड होतं. विमानाचं हातभर मॉडेल रडारला कसं दिसतं ते मोजायचं, तर ते मॉडेल हवेत तरंगत ठेवायला हवं, आणि तरंगत तर काही राहत नाही. मग त्याच्याखाली काहीतरी द्यावं लागतं, आणि ते काहीतरी रडारला दिसता कामा नये, नाहीतर मॉडेल कुठे संपलं आणि आधार कुठे सुरू झाला ते कळायचं नाही. ते काहीतरी करणं हे आरतीचं काम. सुपे एमआयडीसीतल्या या शेडमध्ये तिच्याआधी सुनील सरांचा लोखंडी खांब होता, पुढे झुकलेला, सुरीच्या पात्यासारख्या धारेचा. रडारच्या लाटा त्याच्यावरून घसरून भलतीकडे जात, पण थोडं काही उरतच असे. आरतीनं फोमचा मांडला. फोम म्हणजे बहुतेक हवाच. त्याला खालून वर कसं निमुळतं करायचं, मॉडेलचं वजन कुठवर सोसेल, कुठे दबेल, याची आकडेमोड तिनं बाळंतपणाच्या रजेतच सुरू केली होती, मांडीवर मुक्ता आणि मुक्ताच्या पाठीवर वही. सासूबाई, लंकाबाई, सोनईहून आल्या होत्या बाळंतपणाला, त्या अजून इथंच होत्या. त्यांनी एकदा विचारलं होतं, दिवसभर तिथं करतीस तरी काय गं? दिसणार नाही असा खांब करते, आत्या, ती म्हणाली होती. लंकाबाईंनी दुधाचं भांडं उतरवता उतरवता विचार केला आणि म्हणाल्या, मग केला का न्हाई केला, हे मालकाला कसं कळायचं? आरती हसली होती. आज ते हसू आठवून तिला कसंतरीच झालं, कारण केल्याचं कुणालाच दिसू नये असा तो खांब आज दिसत होता.

सर हुशार माणूस. त्यांनी दोन आकडे कागदावर लिहिले आणि वजाबाकी केली. एकशे ऐंशी. म्हणजे समोरासमोर. म्हणजे काहीतरी बारीक, लांबट, आडवं पडलेलं, धातूचं. एका कुशीवर आलं की चमकतं, दुसऱ्या कुशीवर आलं की पुन्हा, जरा कमी. लांबी बोटाच्या पेराएवढी, थोडी जास्त. हे सगळं आरतीलाही कळलं होतं, सरांच्या आधी कळलं होतं, पण ते तोंडातून बाहेर यायच्या आत कुठेतरी अडकलं. मुक्ता झाल्यापासून तिचं असं होई. शब्द येई आणि उंबऱ्यात थबके. किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडत. एकदा फोनवर सरांनाच ती ‘हो आत्या’ म्हणाली होती आणि शेडमध्ये आठवडाभर तिला सगळे मोठ्यानं ‘हो आत्या’ म्हणत होते. अजिनाथ, तिचा नवरा, श्रीगोंद्याला साखर कारखान्यात केमिस्ट. हंगाम चालू असला की रविवारीच येई. तो म्हणे, अगं होतं असं, झोप नाही ना. पण झोप हा शब्द त्या गोष्टीला पुरत नव्हता. आपल्या डोक्याखालचं काहीतरी कुणीतरी हळूच काढून घेतलंय आणि डोकं तसंच अधांतरी राहिलंय, असं तिला वाटे.

“टाचणी,” सर म्हणाले. “चाचांची.”

पीरमहंमदचाचा शेडच्या मागच्या बाजूला फोम कापत. त्याआधी तीस वर्षं त्यांनी नगरात थर्माकोलची मखरं केली होती. गणपतीच्या महिनाभर आधी त्यांच्या दारात रांग लागे, महाल, कमळं, मोर, कुणाला चांद्रयानसुद्धा. थर्माकोलवर बंदी आली आणि रांग गेली. गरम तारेनं फोम असा कापावा की कापलेल्या कडेवरून गाल फिरवला तरी कळू नये, हे त्या भागात त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. मखराचे तुकडे चिकटेपर्यंत टाचण्यांनी धरून ठेवायचे ही त्यांची जन्माची सवय. इथं आल्यावर आरतीनं त्यांना सांगितलं की टाचणी चालणार नाही, एक राहिली तरी सगळं वाया. दुसऱ्या दिवशी ते पावडरच्या जुन्या डब्यात बाभळीचे काटे घेऊन आले होते. लांब, पांढरे, सुईसारखे, उन्हात वाळवलेले. काम झालं की उपटायचे आणि डब्यात टाकायचे. डबा हलवला की खुळखुळ्यासारखा वाजे. तो आवाज ऐकला की आरतीला छातीत तट्ट होई, मुक्ताचा खुळखुळा तसाच वाजायचा.

सरांनी त्यांना बोलावलं. चाचा दारात चपला काढून आले, तिथं कुणी चपला काढत नसे, तरी. सरांनी स्क्रीन दाखवली. चाचांनी त्या रेघेकडे बघितलं, जसं कुणाच्या तरी पोराचा फोटो दाखवावा आणि ओळख पटू नये तसं.

“काटा असंल तर माझा,” ते म्हणाले. “टाचणी माझी न्हाई.”

“काटा दिसत नाही, चाचा. लोखंड दिसतं.”

“मग माझी न्हाई.”

सर आवाज न चढवता बोलले. हाताची सवय असते, एखादी खिशात राहिली असेल, तुमचं मन नसेल तसं. मग ते आरतीकडे वळून म्हणाले की परवासाठी लोखंडीच घेऊ, अंगणातून काढून पुसायला सांगतो, फोमचं पुढच्या वर्षी बघू. आणि चाचांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगावं लागेल, त्यांच्या हातावर आता भरवसा राहिला नाही. हे ते चाचांच्या समोरच म्हणाले, पण चाचा तिथे नसल्यासारखे. चाचांनी मान डोलवली. कशाला डोलवली ते कळलं नाही. आरतीनं तोंड उघडलं आणि ती म्हणाली, सर, जेवणानंतर एकदा परत फिरवून बघू का? तिला म्हणायचं होतं ते हे नव्हतं. म्हणायचं काय होतं, तेही तिला नीट माहीत नव्हतं. फक्त कुठेतरी पिवळं काहीतरी हललं.

गुरुवार होता तो, तीन आठवड्यांपूर्वीचा. खांब दोन फाकांत कापलेला, उभा चिरलेल्या भोपळ्यासारखा, आणि त्या दोन फाका जोडायच्या होत्या. शिकंजा लावला असता तर फोम दबला असता, दोरी बांधली असती तर वळ उठला असता. चाचा म्हणाले, कवळ घालू. म्हणजे मिठीच, पण त्यांनी कडब्याला घालतात तशी कवळ म्हटलं. आतून पातळ गोंद लावला, फाका उभ्या करून जुळवल्या, एका बाजूनं चाचा, दुसऱ्या बाजूनं आरती, आणि दोघांनी खांबाला कवळ घातली. अर्धा तास. खांब तिच्या हनुवटीला लागत होता. चाचांचं तोंड पलीकडे, ते दिसत नव्हते, फक्त त्यांचा श्वास आणि त्यांचे दोन सुरकुतलेले हात तिच्या कोपरांशी. अशा वेळी काय बोलायचं? चाचांनी त्यांच्या मेहरीनचं सांगायला सुरुवात केली. नात, पहिलीत जाते, डबा परत आणती, आईवर रुसून बसती. आणि मेहरीन रडायची कशी ते त्यांनी बारीक आवाज काढून करून दाखवलं. तेवढं पुरे झालं. आरतीला पान्हा फुटला. अंगातून असंख्य मुंग्या पळाव्यात तसं, आणि मग गरम. हात सोडता येत नव्हते. ती खांबाला आणखी घट्ट चिकटली, गाल टेकवला आणि डोळे मिटले, आणि आत, कुडत्याच्या आत, लंकाबाईंनी जुन्या लुगड्याच्या केलेल्या मऊ घड्या भिजत गेल्या. दुकानातल्या दूध टिपायच्या गाद्यांनी तिला पुरळ उठायचं, म्हणून लुगड्याच्या घड्या. आणि घड्या जागेवर राहाव्यात म्हणून पिना. मुक्ताच्या लंगोटाच्या, पिवळ्या बदकाच्या तोंडाच्या.

इथं येऊन तिची आठवण थांबत होती. दोन घड्या, दोन पिना. नाही, एकच पिन, डावीकडची, उजवीकडे गाठ मारली होती. की तिथली पिन सापडेना म्हणून गाठ नंतर मारली? सकाळी गेटवर रोज सगळे धातू उतरवायचे असतात. आरती मंगळसूत्र उतरवते, बांगड्या, कानातलं, जोडवी. सगळं नावाच्या डबीत जातं. लंकाबाईंना हे माहीत नव्हतं. संध्याकाळी गेटबाहेर यायच्या आत सगळं परत अंगावर असे, जणू दिवसभर ती तशीच होती. सकाळी डबी बंद झाली की गेटवरच्या छबूबाई धातू शोधायचा काळा दांडा अंगाभोवती फिरवत, आणि वहीत ‘अंगावर धातू नाही’ या वाक्यासमोर सही. दांडा छातीशी आला की ट्यूं करी. पहिल्यांदा केलं तेव्हा आरती लाल झाली होती, आणि छबूबाई, ज्यांनी चार पोरं वाढवली होती, म्हणाल्या होत्या, “हूक असंल, जा ताई.” तेव्हापासून रोज दांडा ट्यूं करी आणि रोज छबूबाई म्हणत, जा ताई. त्या ममतेवर आरती रोज सही करत आली होती. त्या गुरुवारीही केली असणार. की त्या दिवशी पिना न लावताच आली होती? गुरुवारी कुठलं कुडतं होतं? ती कपाटातली एकेक कुडती डोळ्यांपुढे आणत गेली आणि सगळी निळी निघाली.

जेवणाच्या सुट्टीत ती सामानाच्या खोलीत दार लावून बसली. दूध काढायला ही खोली सरांनीच तिला दिली होती, काही न विचारता, दाराला आतून कडी बसवून. सर वाईट नव्हते, म्हणूनच सगळं अवघड होतं. वाईट माणसाशी खोटं बोलायला काही वाटत नाही. तिनं घरी फोन लावला. मागे खडखड खडखड आवाज येत होता. लंकाबाई म्हणाल्या, पांगुळगाडा. सोनईच्या सुताराकडून त्यांनी तो बसमधून मांडीवर आणला होता, आणि नऊ महिन्यांची मुक्ता त्याला धरून उभी राहायला बघत होती. “आत्या,” आरती म्हणाली, “त्या गुरुवारी मी घरी आले तेव्हा आतल्या कापडाला गाठ होती का?” पलीकडे खडखड थांबली. कुठल्या गुरवारी, लंकाबाईंनी विचारलं. तीन आठवड्यांपूर्वीच्या. लंकाबाईंना ही सून कधीकधी फार शिकल्यामुळे अशी झाली असं वाटे. एकदा हुती गाठ, त्या म्हणाल्या, भिजून घट्ट झाल्याली, मीच सोडली न्हाई का दातानं. पण गुरवार का सुक्करवार ते कुनाला ठावं. आन् ती एक बदकाची पिन मिळंना झालीय बघ, पोरीनं गिळली का काय म्हणून मी दोन दिस तिचं शी-शू चिवडत हुते, तुला बोलले न्हाई, तू घाबरशील म्हणून. आरतीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. केव्हा, आत्या? आता झाले की दिस, लंकाबाई म्हणाल्या, आणि मग एकदम आवाज बदलून, अगं धर धर धर, पडली, न्हाई पडली, धरलं तिनं. खडखड पुन्हा सुरू झाली. कशाला धरलं, ते आरतीला कळलं नाही.

ती कडीकडे बघत बसली. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत होत्या. पिन घरात कुठेतरी सोफ्याखाली असेल आणि खांबात चाचांची टाचणी असेल, तीस वर्षांची बोटं, खिशात राहिलेली एखादी. किंवा. या किंवाच्या पुढे ती जाईना. सांगायचं म्हटलं तरी काय सांगायचं? सर, माझ्या छातीशी एक पिन होती? या शेडमध्ये अठरा पुरुष होते. ती रजेवरून परत आली तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, आता मॅडमचं अर्धं डोकं घरी. तिनं ऐकलं नाही असं केलं होतं. खांब सगळ्यांना दाखवणार होता की डोकं इथंच आहे, पूर्ण. आणि आता खांबच. आणि न सांगितलं तर काय होतं? काही होत नव्हतं. लोखंडी खांब पुसून आत येत होता, आणि एक म्हातारा माणूस उद्यापासून येत नव्हता, आणि त्यानं तर नुसती मान डोलवली होती.

तिनं छबूबाईंकडे दांडा मागितला. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. देता देता एवढंच म्हणाल्या की बटन दाबून धरावं लागतं, सैल झालंय. चाचा मागे आपला डबा, तार, घडी केलेला टॉवेल पिशवीत भरत होते. आरती म्हणाली, चाचा, जरा आत येता? ते आले. आत भिंतींवरचे, रडारच्या लाटा शोषायचे निळे सुळके चारी बाजूंनी टोकं रोखून उभे असतात, आवाजही पिऊन टाकतात. तिथं माणूस बोलला की शब्द ओठांपाशीच संपतो. मधोमध खांब. आरतीनं बटन दाबलं, दांडा खांबापाशी नेला आणि तो वाजला. वर नेला, वाजला. खाली आणला, वाजला. दुसऱ्या बाजूला गेली, तिथेही वाजला. तिला काही समजेना. सगळ्या खांबात लोखंड? मग तिनं दांडा खांबापासून दूर, हवेत धरला, स्वतःजवळ, आणि तो वाजतच राहिला.

आजची पिन होती ती. आजही होती. तिच्याच अंगावर.

चाचा दांड्याकडे बघत होते, मग त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि मग ते सुळक्यांच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, हात मागे बांधून. तिला कळायला क्षणभर लागला. मग तिनं कुडत्याच्या गळ्यातून हात घालून पिन काढली, घडी सरकली, सरकू दिली, आणि पिन दाराबाहेर जाऊन टेबलावरच्या वहीवर, कपाच्या त्या कड्याच्या मधोमध ठेवली. परत आली. आता दांडा गप्प होता. तिनं तो खांबावरून फिरवला, खालून, गोल, वर, आणि जिथं तिची छाती टेकली होती, बरोबर त्या उंचीवर, जोडापासून चार बोटं डावीकडे, तो वाजला. एकदाच, लहानसा. तिनं काढला, पुन्हा नेला. पुन्हा वाजला.

चाचा वळले. त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. इथं खळगा हुता, ते म्हणाले, गोंद वाळल्यावर दिसला, म्या म्हटलं कोपर रुतलं असंल कुनाचं, म्हणून भुसा आन् गोंद भरून लप्पी केली, घासून सारखी केली. आपल्याच कामाची तारीफ करावी की काय करावं ते त्यांना कळेना. डब्यातून काटा काढून त्यांनी तो हळू आत घातला, पायातलं कुरूप काढतात तसा, दोन बाजूंनी फोम मागे सारला, आणि पिन वर आली. उघडी. कुडत्याच्या बटणपट्टीतून निसटून रुतली असणार, भिजून वाळल्यामुळे जरा गंजलेली. बदकाचं तोंड पिवळंच होतं. चाचांनी ती तळहातावर घेतली आणि दोघं बघत राहिले. मग त्यांना सगळं समजलं असावं, कारण त्यांनी नजर उचलली नाही.

“मेहरीनच्या आईचंबी असंच हुतं,” ते म्हणाले. “हे बघा ताई. ही माझ्या डब्यात टाकतो. सायबांला सांगतो, सापडली, माझीच हुती. तसंबी त्यांनी ठरवलंय.”

“चाचा, बदकाची टाचणी तुमच्या खिशात कुठून येणार?”

“मखराला लावत हुतो म्हनंन. सायबांला काय कळतंय मखरातलं.” ते किंचित हसले. “तुमी लेकरावाल्या. लोक ध्यानात ठेवत्यात.”

तिला वाटलं, हे किती सोपं आहे. खांब वाचतो. लप्पी पुन्हा भरायची, परवा मॉडेल चढवायचं, रेघ तळाशी. चाचांना दोन महिन्यांनी परत बोलावता येईल, आपण शब्द टाकू, सर ऐकतात. हे सगळं तिच्या मनात इतक्या व्यवस्थित, एकामागून एक येत गेलं की तिलाच नवल वाटलं. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा डोकं असं सरळ चाललं होतं. आणि त्याच वेळी तिला घरातली खडखड ऐकू आली, आणि गवताच्या काडीनं बाळाची शी चिवडत बसलेल्या लंकाबाई दिसल्या, न बोलता, कुणाला न सांगता, तू घाबरशील म्हणून. तिला एकदम खूप राग आला. कुणाचा, ते उमगलं नाही. तिनं चाचांच्या तळहातावरची पिन उचलली. ती उचलताना टोचली.

सरांच्या केबिनकडे जाताना कुडत्याच्या पुढच्या बाजूला ओल पसरत होती, तिला ती जाणवत होती, आधी रुपयाएवढी, मग ताटलीएवढी. ओढणी खांद्यावर होती. ती पुढे ओढायला हात उचलला आणि मग हातात पिन आहे, ती पडेल, असं काहीतरी मनात येऊन तिनं तो तसाच ठेवला. वाटेत दोघंजण भेटले आणि त्यांनी छताकडे बघितलं. मागून चाचांच्या अनवाणी पावलांचा आवाज येत होता, किंवा येत नव्हता. सर फोनवर कुणाला तरी लोखंडी खांब पुसायला सांगत होते. तिला बघून थांबले. मग नको तिथे नजर गेली म्हणून गडबडून त्यांनी ती टेबलावर आणली. तिथं आता तिनं ठेवलेली पिवळ्या तोंडाची ती गंजकी पिन होती.

“सापडली?” ते म्हणाले. “मी म्हटलं नव्हतं? चाचांची ना?”

तिच्याजवळ पुष्कळ वाक्यं होती, येताना जुळवलेली. वहीतली सही, छबूबाईंची काही चूक नाही, लप्पी भरून तासाभरात परत फिरवता येईल, चाचांनी काटेच वापरले होते. त्यातलं आधी कुठलं, ते तिला आठवेना. तिनं ओली बाजू झाकली नाही.

“माझी,” ती म्हणाली.